तुळजाक्का आणि माझं सैल पोलकं

तुळजाक्काने उभ्या आयुष्यात टेप वापरली नाही. मद्रासमधल्या आमच्या मैलापूरच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांची पोलकी तीच शिवायची आणि प्रत्येकीच्या मापाची एकेक सुतळी तिच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची. प्रत्येक सुतळीला तीन गाठी: दंड, छाती, कंबर. "टेपेला आकडा कळतो गे, बाई कळत नाही," असं ती म्हणायची. सुतळीला दुसऱ्या कुणी हात लावला की "अय्यो!" करून अंगावर यायची.

ती तंजावरकडची मराठी. बोलणं आजीच्या आजीच्या काळातलं, हेल तमिळ. मी नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून मद्रासला आलेली, त्यामुळे शुद्ध मराठीचा मक्ता माझ्याकडेच आहे अशा थाटात वावरायची. पहिल्याच भेटीत अक्काने मला दारातून वरखाली न्याहाळलं आणि म्हणाली, "भरल्या अंगाची आहेस. कापड जास्तीचं आण." तो शब्द मला असा झोंबला की विचारू नका.

त्यात धाकट्या दिराचं लग्न ठरलं. रेशमी पोलकं अक्काने आधीच शिवून ठेवलं होतं, आणि मी ठरवलं की मांडवात शिडशिडीत दिसायचं. भात बंद केला. मद्रासमध्ये भात बंद करणं म्हणजे जेवणच बंद करणं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रोज सकाळी समुद्रापर्यंत पायपीट, वर लिंबूपाणी. दोन महिन्यांनी स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राने तिकीट दिलं: अकरा पौंड कमी! मी प्लॅटफॉर्मवरच हरखून गेले.

पण गेले कुठून? पोट जिथल्या तिथे ठाण मांडून. कंबर तसूभर हलली नाही. जे काही गेलं ते छातीवरून, म्हणजे ज्या एका गोष्टीबद्दल मला मनातून थोडा अभिमान होता तिथून. रेशमी पोलकं घालून आरशासमोर उभी राहिले तर पुढे दोन रिकाम्या पिशव्या! स्वतःचंच हसू आलं, आणि रडूही.

पोलकं घेऊन अक्काकडे गेले. तिने सुतळी छातीभोवती लावली. जुन्या मापाची गाठ टोकाच्या चांगली दोन बोटं पुढे गेली.

"तिथे काय हाड थोडंच असतं गे," ती हळूच म्हणाली. "चरबीच सगळी. अंग सुकलं की कुणाकुणाचं आधी तिथूनच जातं. घरी जेवतेस ना?"

"हो की."

"नवरा काही बोलतो?"

आता बारीक व्हायचं खूळ हिच्यापुढे कसं कबूल करू? मी आपली म्हणाले, "नाही हो अक्का, जरा तब्येत बरी नव्हती." आणि मान खाली घातली. लाजेने घातली होती, पण तिने काय अर्थ काढायचा तो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे ऑफिसला निघायला मोजे चढवत होते, तोच अक्का दारात. हातात माझी सुतळी.

"काय रे, ही पोर दोन बोटं कमी कशी झाली?"

"कमी? कुठे?"

अक्काने सुतळी त्यांच्या नाकासमोर धरली आणि मधली गाठ दाखवली. ज्यांनी छाती हा शब्द माझ्यापाशीसुद्धा कधी उच्चारला नाही, ते कानापर्यंत लाल झाले. "मला... मला नाही माहीत."

"तुला नाही माहीत? मग काय गल्लीला विचारू? खायला घालतोस की नाही हिला?"

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "अहो अक्का, मीच भात सोडलाय! बारीक दिसायचं होतं मला लग्नात!"

हे खो-खो हसत सुटले. मीही हसले. अक्का हसली नाही. "खरं सांगतेस?"

"देवाशपथ."

ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"माझी लेक कुंभकोणमला दिली होती," ती म्हणाली. "माहेरी आली की पोलकी सैल झाली म्हणून पुढ्यात टाकायची. मी टीप आत घ्यायची. चारदा घेतली. बारीक झालीस, छान दिसतेस, असं म्हणायची मी तिला. म्हणायची मी! एकदाही विचारलं नाही काय होतंय म्हणून. पाचव्यांदा ती आली नाही. तिच्या सासरचा माणूस आला निरोप घेऊन."

यांनी पायातले मोजे काढून ठेवले. मी अक्काशेजारी जमिनीवर बसले. माझ्या त्या अकरा पौंडांची मला इतकी लाज वाटली की तोंड वर करवेना. मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. सगळ्या गल्लीची मापं पाठ असलेल्या या बाईला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"यमुना," ती म्हणाली. आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, पुन्हा एकदा म्हणाली, "यमुना."