बाबाजी मास्तरांची पृथ्वी

"पुढल्या खेपेला वर्ग असाच पेंगताना दिसला, तर शाळा बंद करायची शिफारस करीन," शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब बूट चढवता चढवता म्हणाले. "पोरं मिठागरावर गेली, तर निदान जागी तरी राहतील!"

त्या दिवसापासून बाबाजी मास्तरांचा घास घशाखाली उतरेना. खाडीकाठच्या त्या गावात घरोघर फिरून, आयाबापांच्या विनवण्या करून त्यांनीच ही शाळा जमवली होती. पोरं येत, नाही असं नाही. पण मास्तर बोलू लागले की एकेकाची मान छातीवर पडे. मास्तरांचा आवाजच तसा होता, पाळणा हलवल्यासारखा.

"एक सांगू?" त्यांची बायको कोकिळा म्हणाली. "परवा तुम्ही मला वाघाची गोष्ट सांगत होतात. वाघ झाडीतून निघायच्या आत मी झोपले. तुम्हालाच गंमत वाटत नाही, ती पोरांना कुठून वाटणार?"

मास्तरांना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचा तास होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते नि सूर्याभोवतीही फिरते, या वाक्याला एरवी अर्धा वर्ग गाढ झोपत असे. मास्तरांनी तांबडं मुंडासं बांधलेल्या हिरामणला सूर्य म्हणून मधोमध उभा केला, धोतराचा काचा मारला आणि स्वतः गरागरा फिरत त्याच्याभोवती प्रदक्षिणा सुरू केली. "हा दिवस! ही रात्र! हा दिवस!" तिसऱ्या रात्री पृथ्वीला घेरी आली आणि ती पाट्यांवर कोसळली.

मग जो हशा उसळला!

"मास्तर, परत!" बायजा ओरडली. त्या पोरीला वाचा आहे, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं.

मास्तर परत फिरले. मग ज्वालामुखी झाले, वादळ झाले, वादळात सापडलेलं गलबतही झाले. पोरं घंटेआधी येऊन बसू लागली. मास्तरांना हुरूप आला. पण पोरांना आला तो त्याहून दांडगा, आणि तो शाळा सुटल्यावरही उतरेना. घरोघरी पोरं फिरू लागली. घागरी लवंडल्या, चुलीवरची कालवणं सांडली.

हिरामणची आई ठमाबाई तणतणत शाळेत आली. "मास्तर, माजं पोर सकाळधरनं गरागरा फिरतंय. इचारलं तर म्हणतंय, आये, मी पृथ्वी हाय! आदी तुमाला वारं लागलं, आता पोरांना लागलंय. भागोजी भगताचा उतारा झाल्याबिगर एक पोर शाळंत यायचं न्हाय!"

एकीकडे दिपोटी, दुसरीकडे भगत. पोरंच नसली, तर साहेबांना दाखवायचं काय? मास्तरांनी मुकाट्यानं मान डोलावली. मुकाट्यानं, कारण ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता.

उताऱ्याच्या दिवशी भागोजी पोरांना भोवती बसवून, शेंदूर लावलेलं लिंबू घेऊन वर्गाच्या मधोमध बसला, आणि त्याच वेळी धक्क्याला मचवा लागून दिपोटीसाहेब शिपायासह दारात उभे राहिले.

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज आला तो फक्त "फुस्स".

"चालू द्या," खुर्चीत बसत साहेब म्हणाले. "काय शिकवताय?"

मास्तरांनी हताश होऊन वर देवाकडे बोट केलं. बायजाला वाटलं, आकाशाकडे. ती उठली.

"आज गिऱ्हाण हाय, सायेब! हिरामण, तू सूर्य. मी पृथ्वी. आता चंद्र..." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि भागोजीपुढे हात केला. "काका, लिंबू द्या."

"अगं, मंतरलंय ते!"

"चालंल."

तिनं लिंबू काढूनच घेतलं, एक डोळा मिटला आणि दुसऱ्यासमोर ते धरलं. "सूर्य दिसत न्हाय. झालं गिऱ्हाण!"

मास्तर बघतच राहिले. ग्रहणाचा धडा त्यांनी अजून शिकवलाच नव्हता. पोरीनं पुढची पानं आपणहून वाचली होती.

भागोजीला राहवेना. त्यानं लिंबू परत घेऊन डोळ्यापुढे धरलं नि दुसरा डोळा मिटला. लिंबामागे हिरामण मुंडाशासकट गडप झाला.

"आयला! मंग राहू कुठं हाय?"

"राहू न्हाय काका, लिंबूच हाय!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेब खुर्चीतून उठलेच. "वाहवा, मास्तर! गावातली मोठी माणसंसुद्धा शिकायला बसवलीत, आणि स्वतः एक अक्षर बोलला नाहीत! मुलांकडूनच सगळं करवून घेतलंत. शाळा बंद करायचं नाव आता कोण काढतो पाहू. शिवाय पुढल्या महिन्यात अलिबागेस शिक्षकांची सभा आहे. तिथं तुम्ही तासभर व्याख्यान द्यायचं. विषय, शिक्षकाचं मौन!"

मास्तरांनी हात जोडले, घशाकडे बोट केलं, जिवाच्या आकांतानं ओठ हलवले.

"फुस्स."

"पाहिलंस?" साहेब शिपायाकडे वळून आदरानं म्हणाले. "अजूनही बोलत नाहीत."