तफावत कमी करण्याचा स्वस्त उपाय

आपला देश मागे आहे की पुढे, हे शेजारच्या देशाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. न पाहिल्यास तो पुढेच असतो.

शेजाऱ्यांनी खेळात हरवले तर आम्ही मैदानाला दोष देतो. पण यंदा त्यांनी आकडाच छापला. कामावर जाणारे पुरुष आणि कामावर जाणाऱ्या बायका यांच्यात त्यांच्याकडे शेकडा अकराची तफावत, आणि आमच्याकडे बेचाळीसची. मंत्र्यांच्या जिव्हारी लागले. (बेचाळीस जास्त की अकरा, हे त्यांनी आधी विचारून घेतले.) ताबडतोब नऊ पुरुषांची समिती नेमली गेली. दहावी खुर्ची महिला सदस्येसाठी राखीव होती. ती रिकामीच राहिल्याने सर्वांच्या पिशव्या ठेवायची सोय झाली.

मोजणी खात्यातला जुना माणूस म्हणून मी समितीचा सचिव होतो. शेजाऱ्यांचे गुपित काढायला आम्ही तिकडे दौराही केला. तिथे म्हणे प्रश्न खुद्द बाईलाच विचारतात, आणि ती बोलेपर्यंत थांबतात! इतका वेळ कोणाला आहे? आमच्या नियमाप्रमाणे प्रश्न घरातल्या कमावत्या माणसाला विचारायचा असतो, आणि बायकोबद्दलचे त्याचे उत्तर ठरलेले असते, "ती? काही नाही, घरीच असते." मोजणी कशी झटपट होते. घरकाम आम्ही धरत नाही, याचे कारण शास्त्रीय आहे. जे संपतच नाही ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते नसते.

तर तफावत कमी करायचे मार्ग दोन. एक, बायकांना कामावर आणणे. त्यासाठी पाळणाघरे, रस्त्यावर दिवे आणि स्वच्छतागृहे लागतात, शिवाय समितीचे डबे कोण भरणार हा प्रश्न उरतोच. दुसरा मार्ग, पुरुष कमी करणे. याला खर्च शून्य. प्रयोग म्हणून देशभरातल्या खात्यांतले भरपूर पुरुष सहा महिने घरी पाठवायचे ठरले, आणि सुरुवात आमच्याच खात्यापासून. माझ्या नसण्याने कामावर काहीच परिणाम होणार नाही, यावर समितीचे प्रथमच एकमत झाले.

मीही एक दुरुस्ती सुचवली होती. प्रयोगाच्या शेवटी मोजणी व्हावी, आणि तीत जो काहीच करत नाही असे आढळेल त्याला खुर्ची परत देऊ नये. रिकामटेकड्यांची मला पहिल्यापासून चीड आहे.

घरी पहिले तीन दिवस मी बायकोला मदत केली. म्हणजे सूचना केल्या. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि ती पसाऱ्यात मीठ शोधत असताना कामाचे नियोजन कसे करावे ते समजावले. चौथ्या दिवशी ती चपला घालून दारात उभी राहिली.

"चष्म्याच्या दुकानात माणूस हवाय. मी जाते. दोघांनी घरी बसून काय करायचं?"

एक पुरुष कमी आणि एक बाई जास्त. तफावत दोन्ही बाजूंनी घटली, आणि कार्यालयात माझे कौतुक झाले.

पुढचे महिने मी काय केले ते विचारू नका. म्हणजे विचाराच, कारण दुसरे कोणी विचारत नाही. धुणे, भांडी, आईची औषधे, मुलीचा अभ्यास, गळका नळ, पुन्हा भांडी. एकदा जरा टेकलो, तर आई म्हणाली, "अरे, दिवसभर घरीच तर असतोस, एवढं दमायला काय झालं?" आईला खरे तेच दिसत होते. पुसलेली फरशी पुसलेली दिसते, पुसणारा दिसत नाही. मला रडू आले. पण तेवढ्यात दूध उतू गेले.

शेवटी मोजणीचा दिवस उजाडला. माझ्याच हाताखालचा कारकून दारात आला. माझा एक हात कुकरच्या झाकणावर, दुसऱ्यात ओला टॉवेल. खुर्ची परत मिळणार म्हणून मी उत्साहाने सुरुवात केली, "लिही, पहाटे पाचपासून..."

"माफ करा साहेब, प्रश्न कमावत्या माणसाला विचारायचा. नियम तुमचाच आहे." तो बायकोकडे वळला. "हे काय करतात?"

ती घाईत होती. दुकान उघडायची किल्ली तिच्याकडे असते. खुर्चीसाठी माझा जीव कसा टांगणीला लागलाय, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले, अगदी प्रेमाने, आणि म्हणाली,

"हे? काही नाही, घरीच असतात."

कारकुनाने 'काहीच करत नाही' या रकान्यात खूण केली. देशाची तफावत दहावर आली आणि आम्ही शेजाऱ्यांना हरवले. माझ्या खुर्चीवर आता पिशव्या ठेवतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी असे काही नाही. पटले. तुम्ही इथवर निवांत वाचत आलात, यावरूनच ते दिसते. तेवढ्या वेळात तुमच्या घरात कोणाचा तरी हात चालूच होता. ती व्यक्ती काय करते, असे उद्या कोणी दारात येऊन विचारले, तर काय सांगाल ते आत्ताच मनात म्हणून पाहा. मी उत्तरासाठी थांबलो असतो, पण माझा कुकर लागलाय.