तेल कायले पायजे?

गंगामाय तेलीण गिऱ्हाइकाला तेल कशासाठी हवं हे विचारल्याशिवाय मापाला हात लावत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला तिचा घाणा होता. "कायले पायजे?" हा तिचा पहिला प्रश्न. डोक्याला म्हटलं तर पुढे झुकून केस बघायची. भाजीला म्हटलं तर कोणती भाजी, किती माणसं, सगळं विचारायची. त्या वर्षांत दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस थांबला होता आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बायका ठुशी घालून पाण्याला जात. अशीच एक ठुशीवाली आली आणि सगळ्यात महागाचं तेल मागू लागली. कशाला ते तिला सांगता येईना. गंगामायने तिला रिकामी परत पाठवली.

घाण्याच्या बैलाला ती 'पाटील' म्हणायची. त्याच्याशी दिवसभर बोलायची. पाटील डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरायचा आणि ऐकून घ्यायचा.

मी तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. पाळी कधी चार महिन्यांनी यायची, कधी यायचीच नाही. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. आत सगळं कोरडं, आणि मग नुसती आग. आमचे हे कापसाच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात खाली करून आठ-आठ दिवसांनी घरी यायचे, खुशीत असायचे. आणि मी आज सोमवार, उद्या चतुर्थी, परवा डोकं, असं करत सैपाकघरात अंथरूण टाकायची.

नणंदेने ते हेरलं. तिने आधी तुरटीच्या पाण्याने धुवायला सांगितलं, त्याने आग दुप्पट झाली. मग एक दिवस जेवताना ती ह्यांना म्हणाली की हंगाम चांगला आहे, दुसरी करायला काय हरकत आहे. हे काहीच बोलले नाहीत. नणंदेचं बोलणं मी विसरले असते, ह्यांचं गप्प राहणं विसरता येईना.

दुसऱ्या दिवशी घाण्यावर गेले. डोक्याला तेल पाहिजे म्हणाले. गंगामायने माझं डोकं पाहिलं.

"तुह्या डोक्याले कालचंच तेल हाय. खरं सांग. लाज त्या खुंटीले टांग."

मला रडू आलं. तिने पाटलाला थांबवलं आणि मला पेंडीच्या पोत्यावर बसवलं. मी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ती हसली नाही. तुरटीचं ऐकून मात्र कपाळाला हात लावला. तुरटीने कातडं कमावतात, म्हणाली, बाई नाही.

"पाळी जाऊन राहिली का अंग कोरडं पडते. आजार नाई, पाप नाई."

हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या तांबटाची ठोकठोक थांबली. मग तिने तिळाचं ताजं तेल धुतलेल्या फडक्यातून गाळलं आणि लहान गडव्यात भरून दिलं. आधी लावायचं, दोघांनी लावायचं, घाई करायची नाही, दुखलं त्या दिवशी थांबायचं. पाळी नसताना रक्त दिसलं तर तेलाच्या भरवशावर न राहता सुईणीला दाखवायचं.

"आन त्याले सांग. तेल मुकं असते, ते नाई सांगत."

सांगायला मला चार दिवस लागले. बाळापूरला लग्नाला निघालो होतो, छकड्यात आम्ही दोघंच. दोन्हीकडे कापूस फुटलेला, ऐकायला कुणी नाही. मी बैलांच्या शेपट्यांकडे बघत सगळं सांगून टाकलं. ह्यांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "मले वाटलं, तुले माहा कंटाळा आला." छकडं रस्ता सोडून पऱ्हाटीत घुसलं तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं.

पहिल्या वेळी भीतीच जास्त होती. दोनदा थांबावं लागलं, आणि हे थांबले. पुढे पुढे आग राहिली नाही. माझं अंथरूण सैपाकघरातून परत आलं, आणि नणंदेने दुसरीचं नाव पुन्हा काढलं तेव्हा ह्यांनी तिला एका वाक्यात गप्प केलं.

गडवा रिकामा झाला तेव्हा माझ्या नकळत हेच घाण्यावर गेले. दुकानात चार बायका. गंगामायने विचारलं, कायले पायजे? हे म्हणाले, दिव्याले. तिने ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, दिव्याचं करडईचं तेल बाजूला सारलं आणि तिळाचं भरून दिलं. "जा. दिवा चांगला जयते यानं." हे घरी आले तेव्हा कानांपर्यंत लाल होते. मी आठवडाभर हसत होते.

संक्रांतीला मी तिला वाण द्यायला गेले आणि चटकन जीभ चावली, कारण ती विधवा होती. पण तिने तिळगूळ हातात घेतला. मग आपणहून बोलली. तिचाही नवरा असाच वर्षभर विचारायचा, माह्यावर राग हाय काय? ती नाही म्हणायची आणि कूस बदलायची. शेवटी तो घाण्यापाशी झोपायला लागला. तिथे अकरा वर्षं झोपला, आणि तिथेच गेला.

"मंग तुमी त्यायले सांगितलं काहून नाई?" मी विचारलं.

"मले त्या दुखण्याचं नाव ठाऊक नव्हतं. आजबी नाई." तिने तिळगुळाचा खडा पदराच्या टोकाला बांधला. "दुखते, एवढंच म्हणाचं होतं."

घरी माझा सैपाक व्हायचा होता. मी पोत्यावर तिच्या शेजारी बसून राहिले.