जणूकाय नाना

लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी वाढली, की सुभेदार नाना पानावरून उठून उभे राहतात. फौजेतून येऊन कैक वर्षं झाली, पण आवाज अजून परेडचाच. "मंडळी, ह्या वांग्यात जनुकीय बदल न्हाई! तसल्या वांग्याला आपल्या देशात परवानगीच न्हाई. बिनघोर जेवा!" तोवर कुणाच्या मनातही नसलेली शंका मग आख्ख्या पंगतीत पसरते. वधुपिता वाढप्याकडे बघतो आणि वाढपी वांग्याकडे. भाजी निम्मी उरते.

'जनुकीय' हा शब्द तासगावकडच्या आमच्या गावाला काही पेलला नाही. गावाने तो 'जणू काय' असा ऐकला आणि सुभेदारांचे जणूकाय नाना झाले. पूर्वी ते नुसतं "ह्यात जनुक न्हाई" एवढंच म्हणायचे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "नाना, जनुक सगळ्यांत असतं. वांग्यात, तुमच्यात, माझ्यात." तेव्हापासून घोषणा लांबली आणि पंगतीतला भात गार व्हायला लागला. ते पाप माझं.

दूध डेअरीच्या भिंतीवर नानांचा फळा आहे. सरकारी माहितीचे कागद ते स्वतः छापून आणतात आणि सोप्या भाषेत फळ्यावर उतरवतात : 'शेतात लावायला परवानगी फक्त कापसाला. बाकी समदं फायलीत न्हाईतर कोर्टात.' कुणी अफवा घेऊन आला, की त्याची उलटतपासणी सुरू होते. "खबर कुनाची? कागद कुठाय? तू सवता बघितलं?" निम्मे लोक दुसऱ्या सवालालाच किटली उचलून पळतात.

एकदा डेअरीवर दूध घालायला आलेल्या पांडबाने मुद्दाम कळ काढली. "नाना, माजी सून जतची, पोरगं हितलं. मग नातू जनुकीय का?"

नानांनी गंभीरपणे विचार केला. "न्हाई. त्यो संकरित."

पांडबा आठवडाभर तोंड लपवून फिरत होता.

ह्या साऱ्यावर मीही हसायचो. मग आमच्या शेजारच्या आक्कांच्या मोबाइलवर एक निरोप आला : बिनबियांची द्राक्षं जनुकीय असतात, ती खाणाऱ्या बाईला मूल होत नाही. आक्कांची दोन एकर बाग तसल्याच द्राक्षांची. सून स्वाती लग्न होऊन तीन वर्षं त्याच बागेत राबत होती आणि घरात पाळणा नव्हता. आक्कांना कारण सापडलं. "हिच्या अंगात भिनलंय त्ये. माघारी माहेरी धाडते, आन पोराचं दुसरं बघते." बॅग भरूनसुद्धा ठेवली.

नानांना कळलं तसे ते टोपी घालून, कागद घेऊन आले. वाटेत मलाही साक्षीला ओढलं. आक्कांच्या अंगणात उभं राहून त्यांनी सगळं समजावलं. "ह्या द्राक्षात बाहेरचं जनुक कुनी घातलेलं न्हाई, आक्का. कलमं करून येल वाढवत्यात. लय जुनी रीत हाय ती."

आक्का फणकारल्या. "आवं, तुमची बी बाग हायच की! तुमच्या घरात तरी कवा पाळणा हालला?"

मी खाली बघितलं. दारात स्वाती उभी होती, तिनेही मान खाली घातली. नानांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"न्हाई हालला," ते म्हणाले. "पर लगीन झाल्यावर धा वर्सं माज्या रानात जुंधळा हुता. द्राक्ष नंतर आलं. दोष माज्यात हुता, आक्का. मिल्ट्रीच्या दवाखान्यात तपासलं हुतं. गावानं मातर माज्या बायकूला, यशोदेला, वांझ म्हटलं. तुमीबी म्हटलं. मी गप ऱ्हायलो."

नानांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. यशोदाकाकू जाऊन चार वर्षं झाली होती. डोहाळजेवणाला त्यांना कुणी बोलवायचं नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

आक्कांनी पदर सारखा केला. मग दाराकडे न बघताच म्हणाल्या, "बॅग आत ठेव गं. सोमवारी सांगलीला डॉक्टरकडं जायचं. तू बी आन त्यो बी."

परत येताना नाना जरा पुढेच चालत होते. कोपऱ्यावर थांबले.

"मास्तर, दवाखान्याचा कागद मी तवाच गावाला दावनार हुतो. यशोदा म्हनली, नगं, तुमची मान खाली जाईल. मला म्हनू द्या वांझ, मी सोसते."

"मग?"

"मग काय. ऐकलं तिचं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला सोयीचं हुतं, मास्तर."