टोकन नंबर चौदा

धम्मरत्नची शिफ्ट बदलली आणि त्याची झोप गेली.

चाकणच्या कंपनीत तो कायम पहिल्या शिफ्टला. पहाटे पाचला घर सोडायचा, त्यामुळे दिघीतल्या आपल्या दोन खोल्यांत सकाळी सातला काय चालतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. दुसरी शिफ्ट लागली आणि पहिल्याच सकाळी त्याने अंथरुणातून पाहिलं, तर आप्पा, म्हणजे त्याचे वडील भिवा, वय सदुसष्ट, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर ताठ बसलेले. (खाली लुंगीच होती, पण ती कॅमेऱ्यात येत नव्हती.)

मोबाइलमधून जरबेचा आवाज आला, "चौदा नंबर!"

"हजर!" आप्पा ओरडले.

"तोंड नीट दाखव."

आप्पांनी तोंड नीट दाखवलं.

"आणि नऊ नंबर आजपण दिसला नाही, तर त्याच्या घरी माणसं पाठवा."

धम्मरत्न ताडकन उठून बसला. "आप्पा, कोण होतं?"

"कोन न्हाई. कंपनीचं काम."

"तुमची कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली!"

"कंपनी बंद पडली. आमी न्हाई."

तो मोबाइल धम्मरत्ननेच आणून दिला होता. आई गेल्यावर आप्पा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, ते त्याला बघवत नव्हतं. आता मात्र आप्पा मिशी कातरत होते, भाजी निवडताना गुणगुणत होते. त्यामुळे संशय वाढलाच. या वयात माणूस विनाकारण खूश राहत नाही, असं धम्मरत्नचं मत होतं. (तो स्वतः सव्विसाव्या वर्षीही राहत नव्हता.)

कँटीनमध्ये त्याने धनेशला विचारलं. धनेश त्याच्याच लाइनवर होता आणि त्याला सगळं माहीत असायचं.

"भावा, डिजिटल अटक आहे ती! म्हाताऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवतात, हलू देत नाहीत. बघता बघता पेन्शन साफ."

"पण आप्पा खूश दिसतात राव."

"तीच तर त्यांची हुशारी!"

शाळा नववीत सुटली असली, तरी घरातला मोबाइलचा जाणकार धम्मरत्नच होता. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आप्पा आंघोळीला गेले तसं त्याने मोबाइलमधलं सिम काढलं, खिशात टाकलं आणि घोरायला लागला.

सात वाजले. आप्पांनी मोबाइल खिडकीत धरला, गॅलरीत धरला, एकदा तर आपटला. मग शर्ट-पँट चढवून मोबाइलचं दुकान उघडायची वाट बघायला चौकात निघून गेले. त्यांना बिचाऱ्या चेहऱ्याने जाताना पाहून धम्मरत्नला थोडं वाईट वाटलं. पण बापाला वाचवायचं म्हणजे एवढं सोसावं लागतं.

दहाच्या सुमारास बेल वाजली. त्याने साखळी न काढता दार किलकिलं केलं. जिन्यात नऊ म्हातारे उभे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढच्याच्या हातात हे एवढं पुष्पचक्र.

माणसं पाठवली! धम्मरत्नने साखळी चाचपून पाहिली.

"जय भीम," पुढचा खालच्या आवाजात म्हणाला. "मी नागसेन. कंपनीत टाइमकीपर होतो. भिवाचं तोंड तरी बघू दे, पोरा."

आवाज तोच! "बघायचं नाही!" धम्मरत्न किंचाळला. "रोज बघता, बास झालं! पोलिसांना फोन करीन!"

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

"पोलीस?" मागचा एक कुजबुजला. "म्हणजे घातपात आहे का काय?"

एवढ्यात आप्पा जिना चढून वर आले. आपल्या दारात पांढरे कपडे, पुष्पचक्र, आणि घरात तर फक्त पोरगा होता. त्यांनी चपला काढल्या, शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि आपल्या पुढे उभ्या म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून कसंबसं विचारलं, "आमचा धम्मा?"

त्या म्हाताऱ्याने वळून भिवालाच पाहिलं आणि तो मटकन पायरीवरच बसला.

मग साखळी निघाली, चहा झाला आणि सगळा उलगडा झाला. बंद पडलेल्या कंपनीचे हे कामगार. वेळ पूर्वीच्याच पहिल्या शिफ्टची, नंबर पूर्वीच्याच हजेरीच्या टोकनचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातला एकजण बंद घरात चार दिवस पडून होता, कोणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून रोज हजेरी. फोन बंद लागला, की सगळ्यांनी उठून घर गाठायचं.

"आणि पुष्पचक्र?" धम्मरत्नने हळूच विचारलं.

"चौदा नंबर एक दिवससुद्धा चुकलेला नाही," नागसेन म्हणाला. "आम्ही धरूनच चाललो."

मोबाइलमध्ये सिमच नाही, हे आप्पांना दुकानातच कळलं होतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. धम्मरत्नने खिशातून सिम काढून त्यावर ठेवलं.

मोबाइल सुरू झाला तसा नागसेनने चष्मा चढवला. "भिवा, नियम तो नियम. आजच्या गैरहजेरीचं कारण ग्रुपवर टाकावं लागेल. आजारपण लिहू?"

"न्हाई."

"गावाला गेला होता?"

"न्हाई." आप्पांनी पोराकडे एकदा नीट पाहिलं. "लिव्हा, पोरगं शहाणं निघालं."

नागसेनने तसंच लिहिलं. मिनिटभरात त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात आले, आणि नऊ नंबरने तर 'फार वाईट झालं' असंही लिहिलं.