फणसाच्या चिकाचा कौल

लवूच्या बापाने मुंबईहून पत्रात एवढंच लिहिलं होतं, ‘पुणे की बनारस, ते मला इथे कारखान्यात काय कळणार? देवाला कौल लावा. देव सांगेल तिकडे पोराला पाठवू.’

पत्र लवूनेच वाचून दाखवलं. सगुणाने ऐकलं आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. नवरा वर्षातून दोनदा घरी येई, शिमग्याला आणि गणपतीला. ठरवायचं असं काही आलं की तो ते देवावर टाकी आणि मोकळा होई.

लवू कोल्हापुरास राहून इंटर सायन्स झाला होता. पालीच्या आसपासच्या वाड्यांत इंटर झालेला तो एकटाच, त्यामुळे ‘इंजिनेर’ म्हणजे काय हे गावाला समजावण्याचं कामही त्याच्याकडेच आलं होतं. पुण्याला रस्ते आणि पूल शिकवीत, बनारसला यंत्रं आणि वीज. पुणं दीड दिवसावर; सुटी पडली की मुलगा घरी. बनारस चार दिवसांवर. वर्षाकाठी एकदा आला तर आला. दोन्ही अर्ज भरून तयार होते, पण सोबत जोडायचा मूळ दाखला एकच. उद्या दुपारच्या टपालाने पालीहून एकच लिफाफा जाणार होता.

“बनारस म्हंजे काशीच ना गो?” शेजारची धोंडूबाई म्हणाली. “पोर काशीला जाईल, आन् तू तोंड पाडून बसलीस?”

“तोंड कुठं पाडलंय? धुरानं डोळे चुरचुरतात,” सगुणा म्हणाली.

चुलीत तेव्हा नुसते निखारे होते.

देवळात जाऊन दिवा लावल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, असा सगुणाचा रोजचा नेम. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून झाल्यावर ती रेंगाळली. गुणाजी गुरव कौलासाठी कळ्या निवडत होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने कळी चिकटवायची. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. देवाच्या उजवीकडची पुण्याची आणि डावीकडची बनारसची, असं गावचा मानकरी बाबू गावकर याने ठरवून दिलं होतं.

“गुणाजी,” सगुणा हळूच म्हणाली, “बनारसची कळी जरा हलक्या हातानं लाव.”

“काकी! देवाच्या कामात लबाडी करू व्हय मी?”

“लबाडी न्हाय रे. पोर त्या बनारसच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपतं. देवाला काय ते दिसत न्हाय? तू नुसतं पाणी कमी लाव.” आणि तिने नारळ पुढे ठेवला.

तासाभराने लवू आला. त्याने कमरेची तंबाखूची चंची काढून गुणाजीच्या हातात दिली.

“गुणाजीभाऊ, पुण्याची कळी पडू दे. माझी आये एकटी हाय. गाईशी बोलते, गाय कंटाळली की चुलीशी बोलते.”

“आरं, पन...” गुणाजी म्हणाला. पण तोवर नारळ फोडून झाला होता आणि तंबाखू तोंडात गेली होती. परत करण्याजोगं काही उरलं नव्हतं. तेव्हा आज देवाने काहीच बोलू नये, हे बरं, असं त्याने ठरवलं. देवळामागे फणस होता. त्याने दोन्ही कळ्यांच्या पाठी फणसाच्या चिकात बुडवल्या आणि देवाच्या खांद्यांवर घट्ट दाबल्या.

गाव जमलं. बाबू गावकराने गाऱ्हाणं घातलं. घटकाभर झाली, दोन झाल्या. कळ्या हलेनात. ढोल वाजवला, घंटा बडवली. घंटेच्या दणक्याने वाशावरची पाल खाली पडली, कळ्या जागच्या जागी.

“देव विचार करतोय,” गुणाजी घाम पुसत म्हणाला.

“कौल पडल्याबिगर कोनी उठायचं न्हाय!” बाबू गावकराने हुकूम सोडला.

“माझ्या म्हशीला देवानं इचारलंय काय? ती वरडत असंल,” धोंडूबाई पुटपुटली.

उन्हं डोक्यावर आली. टपाल जायची वेळ होत आली. शेवटी गुणाजीने ‘देवाचं उपरणं नीट करतो’ म्हणून दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही कळ्या सैल करून पाहिल्या. कळ्या सैल झाल्या नाहीत, अंगठे मात्र चिकटले. बंदरावर जुन्या सोबत्याला निरोप द्यावा, तसा तो देवाच्या खांद्यांवर हात ठेवून उभा राहिला.

“गुणाजी, काय करतंस?”

“देव सोडीत न्हाय मला!”

लोक मागे सरले. एका म्हातारीने हात जोडले. सगुणाला मात्र चिकाचा वास आला. चीक निघतो तो तेलाने. तिने समईतलं पळीभर तेल घेतलं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेली. तेवढ्यात तिला गुणाजीच्या कमरेची चंची दिसली. लाल दोऱ्याने शिवलेली, तिच्याच हातची. पोराने इथे येऊन काय मागितलं असेल, ते तिला कळलं.

तेल पळीभरच होतं. तिने हात लांबवला आणि देवाच्या डाव्या खांद्यावरच्या अंगठ्यावर सोडलं.

अंगठा सुटला. कळी घरंगळून खाली पडली.

“डावा कौल!” बाबू गावकर ओरडला. “बनारस!”

दुसरा अंगठा गुणाजीने ओरडत स्वतःच ओढून काढला. कातडी थोडी देवाकडे राहिली, कळीही राहिली.

लिफाफा टपालात टाकून लवू परतला, तेव्हा सगुणा भाकरी थापत होती.

“आये, डाव्या बाजूला तेल का सोडलंस?”

“ती बाजू मला जवळ होती.”

“तू तर दुसरीकडे उभी होतीस.”

“जेव आता,” ती म्हणाली. “सकाळपासून उपाशी हायस.”

लवू बनारसला गेला. सगुणा कितीतरी दिवस दोन माणसांचा भात घाली आणि उरलेला सकाळी परतून खाई. गाय खरंच कंटाळली होती. हाक मारली तरी मान वळवीना.

एका पहाटे सगुणा दिवा लावायला गेली, तेव्हा गुणाजी म्हणाला, “काकी, ही पुण्याची कळी सुकली, पन अजून पडत न्हाय. लोक इचारतात. थोडं खोबरेल लावून काढू काय?”

सगुणाने वर पाहिलं. देवाच्या उजव्या खांद्यावर ती काळी पडलेली कळी तशीच धरून बसली होती.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “सुट्टीत लवू येईल, तो काढील. तोवर कोन तरी इथं थांबलंय, एवढं तरी बरं.”