डोमाजी आणि गल्लीचं वळण

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की डोमाजी खांद्यावर बैलांचं जू घेऊन घराबाहेर पडत. बैल नव्हते. बैलबंडी नव्हती. गावाकडचं शेत चुलत भावाला देऊन कधीच मोकळे झालेले. तरी हे गृहस्थ जू आडवं धरून गल्लीच्या तोंडापासून आपल्या दारापर्यंत येत, तिथे थांबत, "हूं, हूं, हळू" असं स्वतःलाच बजावत गोल वळत आणि परत जात. वळताना जुवाचं टोक कशाला लागलं, की त्या वस्तूच्या मालकाचा दिवस बिघडला म्हणून समजा. मग ती कोणाची बाज असो, सायकल असो की सरपणाचा ढीग.

भंडाऱ्याच्या त्या गल्लीत मी राहायला आलो पंच्याहत्तरच्या सुमारास. कचेरीतली नोकरी आणि बायको, दोन्ही नव्या होत्या. पहिल्याच सकाळी दारापुढे ठेवलेल्या आमच्या ट्रंकेवर ठण्‌ असा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तो धोतर, बनियान आणि खांद्यावर जू.

"कोनाची पेटी हाय हे?"

"माझी."

"नवा दिसतं बापा. पन तुमच्या घराले वळन नाही राहिलं. वळन पायजे बापा, वळन!"

एवढं बोलून ते पुढे गेले. माझी बायको सुमन आत चूल पेटवत होती. तिच्या हातातली फुंकणी हातातच राहिली. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, आणि शेजारचा माणूस दारात येऊन घराला वळण नाही म्हणतो! म्हणजे तिच्या आईवडिलांनी तिला काही शिकवलंच नाही, असंच ना? तो आठवडाभर तिनं अंगण दोन-दोनदा झाडलं, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि माझ्याशी बोलणं मात्र टाकलं. पुढे उलगडा झाला की डोमाजींच्या तोंडी वळण म्हणजे संस्कार वगैरे काही नाही. बैलबंडी वळायला जेवढी जागा लागते, ते वळण. साऱ्या गल्लीला ते रोज सकाळी बेवळणाची ठरवत, आणि सारी गल्ली त्यांच्यामागे हसत असे.

बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक समोर असताना भांडं बोटाच्या पेरानं वाजवून "आयका, आवाज आयका" म्हणायची सवय, ती घरी येतानाही सुटत नसे. दारं वाजवत, टरबूज वाजवत, एकदा आमच्या घरमालकाचं टक्कलही वाजवलं. मालक म्हणाले, "काय निघालं?" डोमाजी म्हणाले, "भरीव हाय."

दुसरी गंमत त्यांच्या घराची. घर चांगलं विटांचं, ऐसपैस. पण डोमाजी राहत छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत. बायको लग्नानंतर लवकरच वारलेली, मूलबाळ नाही. बाज छपरीत, स्टो छपरीत, पाण्याचा लखलखीत गुंड, म्हणजे पितळी हंडा, छपरीत. आतल्या दाराला कुलूप. पाऊस तिरपा आला की बाज भिंतीला चिकटवून पोतं पांघरून बसत, पण आत जात नसत. आल्यागेल्याला तिथेच बसवून पाणी देत. कोणी विचारलंच तर म्हणत, "घरभरनी व्हाची हाय अजून." भिंतींचा रंग उडाला, कौलांवर शेवाळ आलं, आणि यांची घरभरणी, म्हणजे वास्तुशांत, व्हायचीच होती!

आमचं दोघांचं खरं युद्ध पेटलं ते स्कूटरवरून. नाव नोंदवून वर्षं गेली होती. ऐंशी सालानंतर केव्हातरी ती एकदाची आली. कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला, नारळ फोडला आणि दारापुढे उभी केली. रात्रभर मी खिडकीतून तिच्याकडे पाहत होतो. सकाळी जुवाचं टोक थेट तिच्या आरशावर.

"हे काय हाय?"

"स्कूटर आहे, काकाजी."

त्यांनी तिच्या पोटावर बोटानं वाजवलं. "पत्रा पातळ हाय. कायले आनली? सायकल चालून राहिली होती ना चांगली. आत ने. बंडी येनार हाय, वळाले जागा पायजे."

आमचं दार अरुंद, पायऱ्या उभ्या. आत न्यायला स्कूटरला पंख फुटायला हवे होते. मीही चिडलो. "रस्ता सरकारी आहे, काकाजी. तुमच्या बापाचा नाही."

"तुह्या बी बापाचा नाही."

मी आरसा पुसला आणि स्कूटर सुरू करून कचेरीत गेलो.

मग मी स्कूटर भिंतीला घासून लावू लागलो, तर त्यांनी तिथे भला मोठा गुंड पाणी भरून ठेवला. मी गुंड उचलला, तर त्यांनी चुन्याची रेघ मारली. मी रेघेवर स्कूटर ठेवली. एके दिवशी दुपारी जेवायला घरी आलो आणि जेवून बाहेर पाहतो तर स्कूटर नाही! धावत गल्लीच्या तोंडाशी गेलो. डोमाजींनी दूधवाल्याला हाताशी धरून ती उचलून तिथे कडुनिंबाखाली नेऊन ठेवली होती. वर ऊन लागू नये म्हणून गोणपाट झाकलेलं. मला तर त्या गोणपाटाचाच जास्त राग आला.

नगरपरिषदेत तक्रार करायची असं ठरवून मी घरात तरातरा फिरत होतो. सुमन म्हणाली, "तक्रार करा. पण आधी विचारून तर पाहा, बंडी येणार आहे ती कोणाची?"

मी थांबलो. इतकी वर्षं हसलो, भांडलो, रेघा पुसल्या. हे मात्र गल्लीत कोणीच विचारलं नव्हतं. "तूच विचार," असं मी म्हणालो, आणि ती खरंच लाखोळीच्या डाळीचे वडे वाटीत घेऊन समोर डोमाजींच्या छपरीत गेली. मी खिडकीशी कान लावून उभा.

"काकाजी, बंडी कोणाची यायची आहे?"

डोमाजींनी हातातला वडा परत वाटीत ठेवला. म्हणाले, "बाईची."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. डोमाजींची आई ते रांगत असतानाच गेली. बाईनं त्यांना वाढवलं. धानाच्या रोवणीला जाताना बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवून ठेवायची आणि चिखलात उतरले की ओढून काढायची. पुढे ती नदीपल्याड, कारध्याच्या पुढे एका गावी नांदायला गेली. डोमाजींनी हे घर बांधलं तेव्हा घरभरणीला ती आपल्या रेंगीतून, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलबंडीतून आली. नवं लुगडं, पायलीभर नवं धान, वड्यांचं मडकं. पण दारापुढे रस्त्यावर उरलेल्या विटांचा ढीग होता. डोमाजींच्याच विटा. वळताना चाक विटांवर चढलं, रेंगी नालीत कलंडली, जू कडकन्‌ तडकलं, आणि बाई मडक्यासकट नालीत बसली. जमलेले सगळे पाहुणे हसले.

"आन् सगळ्यायच्या आधी मी हासलो, सूनबाई," डोमाजी म्हणाले. "मीच."

बाई तशीच चिखलानं भरलेल्या लुगड्यानं उठली. तिच्या मालकानं गल्लीतूनच दुसरं जू मागून आणलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "ज्या दिवशी माही रेंगी तुह्या दारात नीट वळन, त्या दिवशी येईन." तडकलेलं जू मागे राहिलं. डोमाजींनी त्याला पितळेची पट्टी ठोकून घेतली. रोज सकाळी गल्लीत फिरायचं ते हेच जू.

"तवापासून घरभरनी अर्धी हाय. भरनारीच गेली, त घर कोन भरन?"

"तुम्ही जात नाही का तिच्याकडे?"

"जातो ना. दर भाऊबीजेले जातो. ओवाळते, जेवू घालते. थे गोष्ट ना थे काढे, ना मी."

"मग तिला पुन्हा कधी बोलावलं?"

"बोलवाचं काय त्यात? थे शब्द टाकून गेली. मी वळन राखून राहिलो."

"पण वळण राखलंय, हे तिला कोणी सांगितलं?"

भांडं वाजवावं आणि भलताच आवाज निघावा, तसे डोमाजी सुमनकडे पाहत राहिले.

त्या भाऊबीजेला डोमाजी नदीपल्याड गेले ते माझ्या स्कूटरवरून. सुमनचा तसा हुकूमच होता, आमच्या दोघांवरही. कारध्याच्या पुलावर त्यांनी माझं पोट असं आवळलं की सकाळचा फराळ गळ्याशी आला. डोळे घट्ट मिटलेले, आणि सरळ रस्त्यावर सारखं आपलं, "वळन आलं, हळू! वळन आलं!"

बाई अंगणात धान वाळत घालत होती. बुटकी, काळीसावळी, ताठ कण्याची म्हातारी. ओवाळणं झालं, जेवणं झाली, तरी डोमाजींच्या तोंडून शब्द फुटेना. गल्लीभर ओरडणारा माणूस तिथे लहान पोरासारखा पाट उकरत बसला. शेवटी मीच म्हणालो, "बाई, काकाजी तुम्हाला घरभरणीला बोलवायला आलेत. रेंगी वळेल एवढी जागा त्यांनी आजवर राखून ठेवली आहे."

"कायची रेंगी?"

मी तिचे शब्द तिला सांगितले. ती विचारात पडली. "मी म्हनली असं? रागात म्हनली असन बापा. थे बैल मेले, मालक गेले. मले येवढंच याद हाय का हा हासला होता." मग तिचा आवाज बदलला. "दरसाल येते, जेवते, जाते. 'बाई, चाल माह्या घरी' म्हनून एकदा तरी बोलला का तू डोमा? मले वाटे, घरभरनीचा मीच नास केला म्हनून तू बोलवत नाही."

माझा जीव कळवळला आणि रागही आला. दोघांची डोकी एकदा वाजवून पाहावीत असं वाटलं.

"चाल माह्या घरी, बाई," डोमाजी खाली मान घालून म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले. मी उत्साहानं म्हणालो, "आत्ताच चला की! मागे बसा, आलोच आपण."

"त्या फटफटीवर? डोक्शावर पडली का मी? येईन त रेंगीतच येईन. येवढं वळन राखलं, त पाहू दे ना मले."

भाऊबहीण एकाच मातीची, हे तेव्हा कळलं.

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आटोपल्यावर बाई निघाली. तिच्या मुलानं जुनी रेंगी दुरुस्त केली होती, बैलांची शिंगं रंगवली होती. इकडे गल्लीनं बाजा उचलल्या, सायकली उचलल्या, सरपण परसात नेलं. माझी स्कूटर मी आपणहून कडुनिंबाखाली लावली. घुंगरांचा आवाज आला तसे डोमाजी खांद्यावर जू घेऊन पुढे झाले आणि बैलांकडे तोंड करून उलटे चालू लागले. "हूं, हूं, हळू. डावीकडं घे. आनखी थोडं." दारापुढे बैल वळले. चाक नालीच्या काठाशी आलं, काठावरून निसटतं पुढे गेलं, आणि रेंगी पुरी वळली. कशालाही न लागता.

चाकावर डोळे लावून मागे मागे सरकणारे डोमाजी मात्र त्याच नालीत धप्पकन्‌ बसले.

कोणी हसलं नाही. तेवढं वळण एव्हाना आम्हाला लागलं होतं. बाईनं रेंगीतून वाकून पाहिलं. आधी तिच्या नाकातून फुर्र असा आवाज आला, मग तिनं तोंडात पदर कोंबला, आणि मग तोही उपयोगी पडेना.

"हास बाई, हास," डोमाजी नालीतूनच म्हणाले. "फिटमफाट झाली." आणि तेही खदखदून हसू लागले. इतकी वर्षं समोर राहून मला त्या दिवशी कळलं की त्यांना पुढचा एक दात नाही.

बाई खाली उतरली, हात देऊन तिनं त्यांना वर ओढलं. "लहानपनी बी असाच चिखलातून काढू मी याले," ती सुमनला म्हणाली. "याले वळन मीच लावलं."

कुलूप उघडलं. आतलं घर आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. भिंतीला लागून गुंड, घागरी, पराती ओळीनं मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या आणि सगळ्या घासून लख्ख. बाईनं पायलीभर नवं धान पदराखाली धरून उंबरा ओलांडला, मागून सुमन दिवा घेऊन गेली. पहिल्या गुंडात धान ओतल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. डोमाजी चिखलाच्या धोतरानं पाहुण्यासारखे दारातच उभे होते.

"ये ना आत," बाई आतून ओरडली. "कोनाची वाट पाहून राहिला आता?"

डोमाजी आत गेले.

दोन-तीन दिवसांनी बाई परत गेली. दुसऱ्या सकाळी मी कडुनिंबाखाली स्कूटर पुसत होतो, तर डोमाजी जू घेऊन समोर हजर. मी म्हटलं, आता इथूनही हलवा म्हणतील. त्यांनी स्कूटरच्या पोटावर बोटानं वाजवलं.

"रातभर दवात काहून ठेवतं बापा हिले? पत्रा पातळ हाय. माही बाज आत गेली. छपरी रिकामी हाय ना, तिथं ठेव."

"पण काकाजी, आता हे जू कशाला?"

त्यांनी माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं पाहिलं. "कशाले म्हनजे? संक्रांतीले बाई येनार हाय ना!"

आणि जू आडवं धरून ते गल्लीत शिरले. आमच्या दारापुढे टोक तुळशीच्या कुंडीला अगदी निसटतं गेलं. ते काही बोलायच्या आत सुमन बाहेर आली आणि तिनं कुंडी उचलून भिंतीशी सरकवली.